वॉटलडेलचं फाटक

मंगळवार, ७ जून १९८३

आज बर्नीने आपणहून फाटकाच्या पत्रांची पेटी मागितली. एकोणीस वर्षं मी त्याच्या कचेरीत बिनपगारी टाइप करते आहे. फाटकाचा विषय दर वेळी मीच काढायचा, त्याने "हो ग्लॅड, बघू या" म्हणायचं आणि चहा मागायचा, ही आमची रीत. आज मात्र आमदारसाहेब स्वतः माझ्या टेबलाशी आले. म्हणाला, "रेल्वेला पाठवलेली सगळी पत्रं आहेत ना तुझ्याकडे? सगळ्यांच्या प्रती काढून दे. शुक्रवारपर्यंत हव्यात."

"मंत्र्यांकडे नेतोयस?"

"वरती नेतोय," तो म्हणाला.

मला तेवढं पुरे झालं. विरोधी बाकावरचा आमदार रेल्वेखालून भुयारी वाट कुठून काढून देणार, हे मलाही कळत होतं, म्हणून इतकी वर्षं गप्प राहिले. पण गेल्या वर्षी आमचा पक्ष सत्तेत आला. आता सबब उरलेली नाही.

पत्रं एकशे बारा निघाली. मजकूर सगळा माझा, खाली सही बर्नीची. वरच्या कोपऱ्यात त्याची आद्याक्षरं, मग तिरकी रेघ आणि टाइप करणारीची म्हणून माझी, लहान अक्षरांत. घरी येताना फाटक पडलेलंच होतं. जूनच्या थंडीत चार मिनिटं उभी राहिले आणि कधी नव्हे तो राग आला नाही.

रेगला सांगितलं. तो मागच्या अंगणात कोंबड्यांना कोंडत होता. "बरं," म्हणाला. वीटभट्टीत तीस वर्षं काढलेला माझा नवरा विटेपेक्षा थोडंसंच जास्त बोलतो.

शुक्रवार, १० जून

प्रती दिल्या. देण्याआधी सगळी पत्रं पुन्हा वाचून काढली. स्वतःची पाठ स्वतः थोपटू नये म्हणतात, पण ७१ सालचं पत्र खरंच चांगलं उतरलं आहे. "पूर्वेकडचे रहिवासी, विशेषतः म्हातारी माणसं आणि मुलं, फाटक ओलांडणं शक्यतो टाळतात. हा रेल्वेमार्ग म्हणजे वस्तीच्या मधोमध उभी राहिलेली भिंत आहे." असं पत्र वाचून कुठल्याही मंत्र्याला पाझर फुटावा.

बर्नीनेही नेमकं तेच पत्र वर ठेवलं. "छान लिहितेस ग्लॅड," म्हणाला. "काही वाया जात नसतं बघ."

शुक्रवार, १५ जुलै

आज काही लिहायचं नाही. रेगने दिवसभर कुंपण रंगवलं. पाऊस होता तरी.

गुरुवार, ११ ऑगस्ट

वॉटलडेल संपलं.

सकाळच्या पेपरात आयोगाने केलेला नव्या मतदारसंघांचा नकाशा आला. मी चष्मा पुसून तीनदा बघितला. आमचं नावच नाही. रुळांच्या पश्चिमेचा भाग हॅझलमिअरला जोडलाय आणि पूर्वेचा, म्हणजे आमचा, स्टोनी पार्कला. रेल्वेवरून सुरी फिरवल्यासारखे दोन तुकडे.

मी धापा टाकत कचेरीत गेले तर बर्नी सँडविच खात बसला होता. "आयोग स्वतंत्र असतो, ग्लॅड," म्हणाला. "आपण काय करणार. हॅझलमिअर तसं वाईट नाही. आपल्याला तिथे मतं बरी पडतात."

"आणि भुयार?"

"ते चालूच राहील की."

कसं चालू राहील? फाटकाचा एक खांब एका आमदाराच्या अंगणात आणि दुसरा दुसऱ्याच्या. हा म्हणणार त्याचं काम, तो म्हणणार ह्याचं. नगरपालिकेच्या हद्दीवरचा दिवा सहा वर्षं असाच विझलेला होता, मला माहीत आहे, त्याचीही पत्रं मीच लिहिली होती. वॉटलडेल गेलं की भुयार गेलं. सत्ता येऊन दीड वर्ष झालं नाही तोवर हे. तोंडाशी आलेला घास.

नकाशा भिंतीवर लावायला टाचण्या घ्यायच्या म्हणून बर्नीचा खण उघडला, तर त्यात हाच नकाशा आधीच घडी घालून ठेवलेला. पेपरातला नव्हे, मोठा, रंगीत. बर्नी पहिल्यापासून असाच, नेहमी चार पावलं पुढे. त्याने मनावर घेतलं तर अजूनही काहीतरी करेल.

हरकती पाठवायला नऊ सप्टेंबरपर्यंत मुदत आहे.

शनिवार, १३ ऑगस्ट

नियम वाचले. हितसंबंध एक असलेली वस्ती शक्यतो एकत्र ठेवावी, असं कायद्यातच लिहिलंय. मग मला एवढंच सिद्ध करायचंय की वॉटलडेल ही एकच वस्ती आहे, आणि पहिल्यापासून एकच होती. त्यासाठी मी मतदारसंघाचा इतिहास लिहिणार. दुसरं कोण लिहिणार? आमच्याकडे राजे झाले नाहीत की लढाया झाल्या नाहीत. एक रेल्वे, एक वीटभट्टी, तीन शाळा आणि दर तीन वर्षांनी एक शनिवार.

रेगला म्हटलं, "इतिहास लिहिणार आहे."

"कुणाचा?"

"वॉटलडेलचा."

तो बराच वेळ टोस्टवर लोणी फासत राहिला. मग म्हणाला, "सगळा?"

मी हो म्हटलं.

सोमवार, २२ ऑगस्ट

आठवडाभर संध्याकाळी वाचनालयात बसते आहे. बर्नी म्हणतो, "कशाला जिवाला त्रास करून घेतेस?" त्याला माझी काळजी वाटते. हरकतीवर तू सही कर म्हटलं, तर म्हणाला आमदाराने सही केली की राजकारण दिसतं, साध्या नागरिकाची असली की वजन पडतं. तेही खरंच.

मतदारसंघ १९२७ सालचा. तेव्हा इथे अर्ध्या भागात भाजीचे मळे होते. पहिला आमदार कट्टर चर्चवाला, दारूचा दुश्मन. त्याने मतदान घेऊन वस्तीतले सगळे गुत्ते बंद करवले, ते आजतागायत बंद आहेत. रेग म्हणतो, तो एकच आमदार दिलेला शब्द पाळणारा निघाला आणि त्याने नेमका तो शब्द पाळला. बत्तीस साली एकाने विटांच्या गाडीवर उभं राहून भाषण केलं, गाडी कलली आणि उमेदवार चुन्यात. तरी निवडून आला, कारण लोक आठवडाभर त्याच्याबद्दलच बोलत होते. बावन्न साली फरक त्रेचाळीस मतांचा. मोजणी दोन दिवस चालली.

आणि मग सोनं सापडलं. मला माहीतच नव्हतं, पण सुरुवातीला वॉटलडेल फक्त रुळांच्या पश्चिमेला होतं. आमची पूर्वेची बाजू पंचेचाळीस साली जोडली, आणि का जोडली ते त्या वेळच्या अहवालात चक्क लिहिलंय: "दोन्ही बाजूंचे लोक कामासाठी, शाळेसाठी आणि बाजारासाठी रोज फाटक ओलांडून ये-जा करतात, सबब ही एकच वस्ती मानावी." मी ते वाक्य दोनदा उतरवून घेतलं. ह्याच्यापुढे आयोग काय बोलणार?

गुरुवार, २५ ऑगस्ट

सह्या गोळा करायला निघाले. देवा रे.

मिल स्ट्रीटवरचा पहिलाच गडी म्हणाला, "वॉटलडेल वाचवायचंय? का, बुडतंय का?"

"मतदारसंघ हो. तुमचा मतदारसंघ."

"माझा कुठला? मी तर मत देतो ते न दिल्याचा दंड बसू नये म्हणून."

दुसरीकडे एक बाई म्हणाली, बर्नी टूहिलला ती ओळखते, तो नळ दुरुस्त करतो. मी म्हटलं, तो आमदार आहे. ती म्हणाली, "मग नळ कोण करतो?" अठ्ठावीस घरांतून अकरा सह्या.

रूळ ओलांडून पश्चिमेला गेले तर तिथली हवाच निराळी. एकाने दारातूनच ऐकवलं, "बाई, हॅझलमिअरचा पत्ता लागला तर माझ्या घराचा भाव वाढेल. मी सही करू?" शेवटी फ्रोसोच्या केकच्या दुकानात जाऊन बसले. फ्रोसो ग्रीसहून आली त्याला पंचवीस वर्षं झाली. मी तिचे नागरिकत्वाचे कागद भरले तेव्हापासूनची मैत्रीण.

"ग्लॅडिस, तू किती वाळलीस गं. खा आधी."

"फ्रोसो, सही कर."

"केली. हे घे. माझ्या नवऱ्याची करते, भावाची करते, मेलेल्या सासूची करू? तिला भांडायला फार आवडायचं." मग माझ्याकडे बघून हळू झाली. "भुयारासाठी ना गं हे? लिहिलंस का त्यांना, कशासाठी ते?"

मी म्हटलं, सरकारी कागदात घरचं लिहीत नसतात.

"का नसतात?"

मी केक खाल्ला.

शनिवार, ३ सप्टेंबर

सह्या दोनशे बारा. इतिहास साठ सालापर्यंत लिहून झाला. तीन दिवस तिथेच अडले आहे. रोज मशीनवर कागद चढवते, "१९६१" टाइप करते आणि कागद काढून घेते.

इथे तरी लिहून टाकते. ही वही कुणी वाचणार नाही.

एकसष्ट सालचा तो निवडणुकीचा शनिवार. पंधरा जुलै. रेग सकाळपासून पश्चिमेच्या शाळेत होता, तिथल्या मतदान केंद्राच्या दारात उभं राहून मतदारांना आमच्या पक्षाची कार्डं वाटत होता. कुणाला एक नंबर द्यायचा, कुणाला दोन, ते दाखवणारी कार्डं. ओल्या कपड्यांचा ढीग होता म्हणून मी मॉरीनला म्हटलं, बाबांना जेवण देऊन ये. मटणाची दोन सँडविचं, बटरपेपरमध्ये. तिने लाल टोपी घातली. शाळेत आयांनी केकचं दुकान मांडलं होतं, म्हणून मी तिला वर सहा पेन्स दिले.

शहराकडून येणारी गाडी गेली आणि मॉरीन रूळ ओलांडायला पळाली. शहराकडे जाणारी दुसरी गाडी तिला दिसली नाही. पहिल्या गाडीने झाकली होती.

रेग दोन वाजेपर्यंत कार्डं वाटत होता. फाटकापाशी गर्दी कशाची जमलीय असं त्याने कुणालातरी विचारलंही होतं. त्या दिवसानंतर तो फाटकातून कधी गेला नाही. पश्चिमेला काम निघालं तर दीड मैल चालून पुलावरून वळसा घालतो. बावीस वर्षं. मी रोज फाटकातूनच जाते. त्याला ते कसं जमत नाही आणि मला हे कसं जमतं, ह्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही. तिच्याबद्दलच बोललो नाही.

चौसष्ट साली बर्नी उमेदवार म्हणून घरी आला. तरुण होता, टोपी हातात धरून बसला. "मिसेस पास्क, मी निवडून आलो तर तिथे भुयार होईल," म्हणाला. दुसऱ्या आठवड्यात मी त्याची पाकिटं चिकटवायला गेले ती तिथेच राहिले. पत्रांत मॉरीनचं नाव मात्र कधी घातलं नाही. नाव घातलं तर रडकी बाई म्हणून कागद बाजूला टाकतील असं वाटायचं. म्हणून "मुलं" म्हणायचे, "म्हातारी माणसं" म्हणायचे, "रहिवासी" म्हणायचे.

आता मी तिला पाठवलंच नसतं तर, हे मी लिहिणार नाही. ते लिहायला वही पुरणार नाही.

गुरुवार, ८ सप्टेंबर

हरकत स्वतः नेऊन दिली. चाळीस पानं, शिक्का मारून घेतला. एकसष्ट सालावर शेवटी एवढंच लिहिलं: "ह्या निवडणुकीत विशेष उल्लेखनीय काही घडले नाही."

रेगने रात्री प्रत मागून घेतली आणि दिव्याखाली बसून सगळी वाचली. चष्मा काढला, पानं नीट जुळवली आणि माझ्या हातात दिली.  एकसष्टच्या पानाचा कोपरा दुमडलेला होता.

मंगळवार, २० सप्टेंबर

सुनावणीचं पत्र आलं. पाच ऑक्टोबर, सकाळी दहा, नगरभवन. मला पंधरा मिनिटं बोलता येईल. बर्नीला म्हटलं, तू येच. तो म्हणाला, त्या दिवशी दाताच्या डॉक्टरकडे जायचंय. मग एकदम म्हणाला, "ग्लॅड, तू नाही गेलीस तर चालणार नाही का? उगाच मनाला लावून घेशील."

मी म्हटलं, "आता माघार घेऊ?"

तो खिडकीतून बाहेर बघत राहिला. दात फारच दुखत असावा.

बुधवार, ५ ऑक्टोबर

जे झालं ते क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या वाटेल की मी स्वप्नात पाहिलं.

फ्रोसो दुकान बंद करून आली होती. रेगही आला. पुलावरून वळसा घालून, कोट घालून, मागच्या रांगेत बसला. मी त्याला ये म्हटलं नव्हतं.

माझ्या आधी आमच्याच पक्षाचा वकील उभा राहिला. तरुण, केस चपचपीत बसवलेले. मी फ्रोसोला कोपराने ढोसलं, बघ, बर्नीने माणूस पाठवला. तो म्हणाला, आमच्या पक्षाचा ह्या मसुद्याला पूर्ण पाठिंबा आहे. रेल्वेमार्ग ही स्वाभाविक सीमा आहे असं आम्हीच जूनमध्ये आयोगाला सुचवलं होतं आणि सोबत पुरावेही जोडले होते.

मला वाटलं, चुकून दुसऱ्याच मतदारसंघाचा कागद वाचतोय.

मग माझं नाव पुकारलं. मी सत्तावीस सालापासून सुरुवात केली, आवाज नीट लागला होता. पंचेचाळीसच्या अहवालातलं वाक्य सावकाश वाचलं. अध्यक्ष म्हातारे गृहस्थ, पूर्वी न्यायाधीश होते. त्यांनी मान डोलावली. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मिसेस पास्क, काम फार मेहनतीने केलंय तुम्ही. पण हे चाळीस वर्षांपूर्वीचं झालं. अलीकडचा पुरावा वेगळंच सांगतो." त्यांनी समोरचा एक गठ्ठा उघडला. मी लांबूनच ओळखला. आमच्या मशीनचा 'इ' जरा खाली बसतो.

त्यांनी मोठ्याने वाचलं: "पूर्वेकडचे रहिवासी, विशेषतः म्हातारी माणसं आणि मुलं, फाटक ओलांडणं शक्यतो टाळतात. हा रेल्वेमार्ग म्हणजे वस्तीच्या मधोमध उभी राहिलेली भिंत आहे." मग म्हणाले, "अशी एकशे बारा पत्रं आहेत. सगळ्यांवर तुमच्या आमदारांची सही. ह्या कोपऱ्यात टाइप करणाऱ्याची आद्याक्षरं आहेत. हे कोण, तुम्हाला माहीत आहे?"

"मी," म्हटलं.

सभागृहात कुणीतरी हसलं. अध्यक्ष हसले नाहीत. फार सौम्यपणे विचारलं, "मग ह्यातलं खोटं कोणतं? हे की तुम्ही आज सांगितलंत ते?"

दोन्ही खरं आहे, हे मला म्हणायचं होतं. लोक ओलांडतात, रोज ओलांडतात, म्हणूनच तर मरतात. ओलांडायचं असतं म्हणून तर भुयार मागायचं. भिंतीखालून कुणी भुयार मागेल का पलीकडे आपलं कुणी नसेल तर? हे सगळं आत्ता सुचतंय. तेव्हा मी नुसती पानं चाळत राहिले. ते म्हणाले, "ही पत्रं इतक्या तळमळीने कशासाठी लिहिली होती, ते सांगाल का?" मी तोंड उघडलं. मागच्या रांगेत रेगची टोपी दिसत होती. मी म्हटलं, "रहिवाशांच्या सोयीसाठी."

"आभारी आहे," ते म्हणाले. अजून चार मिनिटं शिल्लक होती.

फ्रोसो बाहेर येऊन ग्रीकमध्ये शिव्या देत होती, वकिलाला का मला कोण जाणे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. एकोणीस वर्षं हात दाखवत होते.

गुरुवार, ६ ऑक्टोबर

बर्नी वेळेवर आला. दात ठणठणीत.

मी म्हटलं, "तू दिलीस."

तो खुर्चीत बसला आणि नाटक केलं नाही, एवढं मात्र खरं. "वॉटलडेल पुढच्या वेळी हातचं जाणार होतं, ग्लॅड. तू आकडे बघतेसच. असे दोन तुकडे केले की दोन्ही जागा पक्षाच्या पक्क्या. मी हॅझलमिअरला उभा राहतोय. तुझी खुर्ची तिथे तयार आहे, मी बोलून ठेवलंय."

"माझी पत्रं दिलीस."

"सह्या माझ्या होत्या."

"बर्नी."

"त्यात एक तरी शब्द खोटा होता का?" तो म्हणाला. मग जरा खाली बघून, "भुयार कधीच होणार नव्हतं. रेल्वेने सदुसष्ट सालीच नाही म्हणून कळवलंय. तुला सांगायचा धीर झाला नाही. तू सकाळी यायचीस, पत्र टाइप करायचीस, तुझा चेहरा बरा दिसायचा. मी सही करायचो."

म्हणजे सोळा वर्षं तो माझं मन राखत होता. किंवा फुकटात टाइपिस्ट राखत होता. दोन्हीही असेल. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणावं, तर कुंपणाला खतपाणी मीच घालत होते.

किल्ली टेबलावर ठेवली. मशीनवर आवरण घातलं, कारण उघडं राहिलं की धूळ बसते. निघताना त्याने विचारलं, "चहाचा डबा कुठे असतो?" मी सांगितलं नाही. एवढा एक सूड घेतला.

मंगळवार, १ नोव्हेंबर

घोड्यांच्या मोठ्या शर्यतीची सुट्टी. शेजारी रेडिओ लावून बसलेत. मी महिनाभर फाटकाकडे फिरकले नाही. सकाळी उठायचं कशासाठी, हे ठरवायला दुपार होते. रेग चहा आणून ठेवतो, तो थंड होतो, तो दुसरा आणतो. आज फ्रोसो येऊन गेली. म्हणाली, "मी तुला लिहायला सांगितलं होतं." म्हटलं, हो. ती म्हणाली, "मग?" आणि केकचा डबा ठेवून गेली.

गुरुवार, १० नोव्हेंबर

अंतिम अहवाल आला. पोस्टाने, हरकत घेणाऱ्यांना फुकट प्रत मिळते. वॉटलडेलला एक परिच्छेद. १९२७ साली निर्माण झाला, १९४५ साली विस्तारला, आता रद्द. नवी हद्द "रेल्वेमार्गाच्या मध्यरेषेवरून" जाईल.

मध्यरेषा म्हणजे दोन रुळांच्या जोड्यांमधली खडीची पट्टी. तिची लाल टोपी तिथे सापडली होती. म्हणजे टोपी आता कुठल्याच आमदाराकडे नाही.

हे वाचून रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही, संताप आला. आयोगावर नाही, बर्नीवरही नाही. "रहिवाशांच्या सोयीसाठी" म्हणणाऱ्या बाईवर. त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी सरळ विचारलं होतं, चार मिनिटं शिल्लक ठेवून विचारलं होतं, आणि मी माझ्याच पोरीला रहिवासी म्हणाले.

स्वयंपाकघरातलं टेबल पुसलं आणि लिहायला बसले. मशीन कचेरीचं होतं, म्हणून हाताने. दोन पत्रं, एक हॅझलमिअरच्या होणाऱ्या आमदाराला, एक स्टोनी पार्कच्या. कार्बन लावला नाही, दोन्ही वेगळी लिहिणार. हॅझलमिअरचं म्हणजे बर्नीलाच, त्याने ते खाली सही न करता वाचावं. भुयार होणार नाही, मला आता माहीत आहे. तरी लिहिलं. सुरुवात अशी केली: "१९६१ साली वॉटलडेल मतदारसंघात एक उल्लेखनीय गोष्ट घडली. आमची मुलगी मॉरीन पास्क, वय नऊ, वडिलांचं जेवण घेऊन मतदान केंद्राकडे जाताना फाटकात वारली. तिला मी पाठवलं होतं."

रेग केव्हा मागे येऊन उभा राहिला कळलं नाही. हाताला कोंबड्यांच्या दाण्याचा वास. मी कागद झाकला नाही. त्याने वाकून वाचलं, सावकाश, ओठ हलवत, जसं तो पेपर वाचतो. मग खुर्ची ओढून बसला. बावीस वर्षांत त्याच्या तोंडून तिच्याबद्दल ऐकलेलं पहिलं वाक्य हे आहे, म्हणून जसंच्या तसं उतरवते.

"नऊ नाही, ग्लॅड. साडेनऊ. कुणी विचारलं की ती साडेनऊच सांगायची."

मी तो कागद बाजूला ठेवला, नवा घेतला आणि पहिल्यापासून लिहायला लागले. तो शेजारीच बसून होता, पुढचं वाचायला.